लाल रेघ आणि परत गेलेला मुराळी

पिंप्राळा, जळगाव
आखाजीच्या आधीचा सोमवार, १९९९

निंबा,

आधी मला सांग, तुझा रुपचंद माझ्या दारातून पाणी न पिता गेला, ही कुठली रीत? धुळ्याहून एवढ्या उन्हात आलेला माणूस, आत्या दोन शब्द बोलली म्हणून तस्सा स्टँडावर परत जातो? पोटात होतं ते आधी लिहिलं. आता नमस्कार, म्हणजे तो तू मला करायचा, मोठी मी आहे. माझा आशीर्वाद. तुझी शुगर कशी आहे? तानुबाईचा गुडघा? इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून.

ते दोन शब्द रुपचंदाने तुला सांगितले असतील, पण त्याला त्यातलं काही कळलंच नव्हतं, म्हणून मीच लिहिते. आमची नातसून कुंदा कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवते (पोळ्या जाड करते, पण ते असो). तिने आमचा केळ्यांचा धंदा इंटरनेटवर टाकलाय, जसं रुपचंदाने मिरचीचं दुकान टाकलंय. दुकानावर पाटी लावावी तसंच ते, फक्त भिंत नाही. एका पाटीवरून दुसरीवर जायची वाट ठेवता येते, तिला लिंक म्हणतात. आमच्या पाटीवर रुपचंदाची वाट मीच ठेवायला लावली, भाचा म्हणून. परवा कुंदाने एक नवा प्रोग्राम लावला. तो फोनच्या तारेतून हिंडतो (तोवर आपल्याला कोणाचा फोन लागत नाही, कोणी मेलं तरी) आणि कोण कोणाला वाट देतो त्याचा नकाशा काढतो. प्रत्येक पाटीचा एक ठिपका, मधे रेघा. मी खुर्ची ओढून बसले. एका लठ्ठ ठिपक्याकडे चहूकडून रेघा येत होत्या, त्याच्याकडून कोणाकडेच नाही. अशी माणसं आपल्या भाऊबंदकीतही आहेत, नावं लिहीत नाही. आमच्याकडून रुपचंदाकडे काळी सरळ रेघ. आणि त्याच्याकडून आमच्याकडे? लाल, मधेच तुटलेली. कुंदा म्हणाली, आजी थांबा, लाल का आली ते बघते. मला काय बघायचं होतं? भाच्याने आत्याला तोडलं, तेही सगळ्या जगाला दिसेल असं.

आणि नेमका तेव्हाच रुपचंद दारात. दर आखाजीला तू मला माहेरी न्यायला मुराळी धाडतोस, तसा धाडलेला, हातात तानुबाईच्या सांजोऱ्यांचा डबा. मी त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. म्हटलं, आमच्याकडून सरळ वाट आणि तुमच्याकडून कातर? कोणत्या तोंडाने नेतोस मला? तो बिचारा म्हणे, "आत्या, मी काय करं?" मी म्हटलं, "तुना बापले इचार!" शेजारची बेबाबाई कुंपणाला टेकून ऐकत होती (तिचे तांदूळ असल्या वेळीच निवडायचे निघतात). त्याने डबा ओट्यावर ठेवला आणि गेला.

मग कुंदाने त्या लाल रेघेवर माउसचा बाण नेऊन बोट दाबलं. रेघ कुठून निघाली, कुठे जाते, कोणत्या शब्दांना बांधली आहे, सगळं तिथे उघडतं. रेघ रुपचंदाचीच, धडधाकट. पण जात होती आमच्या जुन्या पत्त्यावर. दिवाळीत कुंदाने इंटरनेटवरची ती फुकटची जागा सोडून नवी घेतली आणि कोणाला कळवलंच नाही. त्याची गिऱ्हाइकं तेव्हापासून आमच्या बंद घराशी येऊन परत जातायत. तुटलं होतं ते आमच्या टोकाला, निंबा. आणि रेघेवरचे शब्द होते, "माझ्या आत्याकडची केळी". मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. ऊन फार आहे यंदा.

बेबाबाई येता-जाता विचारते, यंदा माहेरी नाही का? मी सांगितलं, भावाकडे भिंतींना चुना लावणं चाललंय. तेव्हा कोणी विचारलं तर तुझ्याकडे चुना लावणं चाललंय.

तुझी अक्का,
भिकुबाई

ता.क. कुंदा म्हणते, ती रेघ इथून जुळत नाही. ज्याची रेघ त्यानेच नवा पत्ता घालायचा. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

आणखी ता.क. सांजोऱ्या संपल्या (एक कडक होती, तानुबाईला सांगू नको). माहेरचा डबा रिकामा पाठवत नाहीत, म्हणून केळ्याच्या वेफर्सनी भरून ठेवलाय. पण झाकण ढिलं आहे, धुळ्यापर्यंत कोणीतरी मांडीवर धरून बसावं लागेल. मीच बसेन.

या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाही, तानुबाईने तर नाहीच. उत्तर रुपचंदाने द्यायचं, तेही आखाजीच्या आत, माझ्या दारात येऊन, आणि आधी पाणी पिऊन.