फाइलीतल्या दोन आया

११ नोव्हेंबर
रेश्मा घरी आली. साडेतीन वर्षांची. दारात बूट काढले आणि ते हातात घेऊनच सोफ्यावर बसली. आम्ही डोंबिवलीचं अख्खं घर पुसून, लाइटची माळ लावून तयार. तिने एकदाही वर बघितलं नाही. संस्थेच्या ताई जाताना म्हणाल्या, "दत्तकाचा आदेश येईपर्यंत ही तात्पुरती सोपवणी हं." तात्पुरती. तिला जेवण गेलंच नाही. झोपताना तिने बूट उशाशी ठेवले.

१४ नोव्हें.
नवऱ्याच्या, संदेशच्या, मावसभावाचा फोन. "वहिनी, वकील बघा एखादा. सरकारी काम आहे." मी म्हटलं, आता कोर्ट नाही, कलेक्टर आदेश देतात, अर्ज संस्था करते, कागद आपण द्यायचे. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात सगळ्यांची पी.एफ.ची लफडी मीच निस्तरते. माझ्या पोरीची फाइल जमणार नाही? ऐटीत फोन ठेवला आणि लगेच फाइल उघडून बसले. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

२० नोव्हें.
आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बारशाचा विषय काढला. "आपल्या घरात आली की नाव आपलं." गुरुजींकडून अक्षरही आणलंय. श्रावणी. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने 'वैदेही' लिहिलं आणि सुलभा तिथेच संपली. तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, मीसुद्धा. आईंनी हाक मारून पाहिली, "श्रावणी." पोरीने मागे वळून बघितलं, अजून कोण आलंय म्हणून. संदेश नेहमीप्रमाणे मोबाइलमध्ये.

२७ नोव्हें.
ठाणे, कलेक्टर ऑफिस. टेबलावरच्या बाई फाइल चाळत म्हणाल्या, "मॅडम, आई दोन दिसतायत ह्यात. मूल द्यायचं कोणाला?"

आधार, लग्नाचा दाखला वैदेहीचे. पॅन, दहावीचं सर्टिफिकेट, पगारपत्रक सुलभाचे. आधारच्या वेळी सासरे होते सोबत, त्यांनी सांगितलं ते नाव लागलं. ऑफिसात मात्र मी बदललंच नाही, निदान तिथे तरी राहू दे म्हणून. आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "दोन्ही एकच, असं प्रतिज्ञापत्र आणा. मग साहेब ठरवतील." काय ठरवतील, विचारायचं धाडस झालं नाही. घरी येईपर्यंत एकच विचार. हिला परत नेलं तर…

२९ नोव्हें.
कल्याणला कोर्टाबाहेर, नोटरीकडे. टायपिंगवाले काका: "खरं नाव कुठलं लिहू?" मागे लाइन. शेवटी म्हटलं, "दोन्ही लिहा, मध्ये ऊर्फ टाका." पुराव्याला लग्नपत्रिका लावा म्हणाले. ती आता कुठून काढू?

३० नोव्हें.
पत्रिका आईंनीच दिली. ट्रंकेत, जुन्या साडीत गुंडाळलेली. चि. सौ. कां. सुलभा. बघून रडूच आलं. आई म्हणाल्या, "माझं माहेरचं नाव ठाऊक आहे तुला?" नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून. "द्वारकी," त्या म्हणाल्या. "वडील गेले, मग त्या नावानं कोणी हाक मारली नाही." आणि उठून भाजी निवडायला गेल्या. बारशाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

९ डिसें.
साहेबांसमोर आम्ही चौघं. साहेब तरुण, मुलीशी गोड बोलले. मला विचारलं, "नवीन नाव काय ठेवताय?" मी आईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हटलं, "रेश्माच."

मग साहेबांनी तिला विचारलं, "आईचं नाव काय तुझ्या?" संदेशने आठवडाभर 'वैदेही' घोटून घेतलं होतं. ती म्हणाली, "दोन आहेत."

टेबलावरच्या बाई हसल्या, साहेब नाही हसले. प्रतिज्ञापत्र उलटसुलट करून पाहिलं, बाजूला काहीतरी लिहिलं. "कळवतो," म्हणाले. संदेश परतताना म्हणाला, "खोटं तर बोलली नाही ना ती." त्याच्यावर चिडायचंही त्राण नव्हतं.

१६ डिसें.
कळवलेलं नाही. फोन वाजला की हातातलं टाकून धावते, तर कर्ज हवंय का विचारणारे. संस्थेच्या ताईंना विचारलं, नाहीच म्हणाले तर? "असं बोलू नका," एवढंच म्हणाल्या. म्हणजे म्हणू शकतात.

संध्याकाळी आईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "रेश्मा, गरम पोळी खायला ये." पळत गेली. तूप हनुवटीपर्यंत. मला ती हवीय. वैदेहीला, सुलभाला, जिला देतील तिला.

बूट अजून उशाशीच. झोपवताना विचारलं, "बाहेर ठेवूया का, आपल्या सगळ्यांच्या चपलांजवळ?" तिने जरा विचार केला. म्हणाली, "उद्या."