नानांनी पारखलेला माउस

प्रिय नाना,

महिनाभर माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर होतायत, म्हणून परवा मी माउस डावीकडे ठेवला. तुम्ही निवडून दिलेलाच. तो डाव्या हातातही तितकाच नीट बसला, आणि मी काम सोडून नुसती बसून राहिले.

आठवतंय, तो घ्यायला आपण गेलो होतो ते? सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता. लासूर स्टेशनच्या मोंढ्यात धान्याचा माल येईना. जन्मभर आडतीवर मूठभर ज्वारी घेऊन ती किती वाळलीय ते सांगणारे तुम्ही, माझ्याकडे शहरात राहायला आलात. मी नव्या वसाहतींचे नकाशे काढायची. तिकडे विहिरी आटत होत्या, इकडे शेतांचे प्लॉट पडत होते. ऑफिसात विंडोज, घरच्या जुन्या कम्प्युटरवर लिनक्स. माउसचं चाक तेवढंच फिरवलं तरी एकीकडे तीन ओळी सरकायच्या, दुसरीकडे अर्धं पान पळायचं. संध्याकाळी मनगट भरून यायचं.

दुकानात तुम्ही डोळे मिटून एकेक माउस हातात घेतलात. उजव्या हाताच्या वळणाचे महागडे सगळे बाजूला सारलेत. दुकानदार वैतागला, "चचा, ज्वारी नै है ये."

"ठाव हाय मला," म्हणालात, आणि दोन्ही बाजूंनी सारखा असलेला एक साधा माउस माझ्यापुढे धरलात. "ह्याचं चाक बघ. येकयेक खाच बोटाला लागती. मशीन कोणतंबी असू दे, किती फिरवलं ते हाताला कळाय पायजे."

किती खरं होतं ते! कुठल्या कम्प्युटरवर किती खाचा, हे आठवडाभरात माझ्या बोटाला पाठ झालं. कम्प्युटरला कधी हात न लावलेल्या माणसाला हे कळलं कसं?

पण सगळे माउस तुम्ही डाव्या हातानं पारखलेत. मी चेष्टाही केली, "नाना, डावखुरे कधी झालात?" तुम्ही त्याच हातानं पुढचा माउस उचललात.

परवा आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "उजव्या हाताला दाणा कळंना झाला व्हता त्यांच्या. मोंढा त्याच्यापायी सुटला. तुला सांगू नको म्हणले."

म्हणजे माझ्याकडे दुपारी तुम्ही वाट्यांत ज्वारी घेऊन ती चिवडत बसायचात, ते वेळ जात नाही म्हणून नव्हतं तर! साठी उलटल्यावर डाव्या हाताला पहिल्यापासून सगळं शिकवत होतात. एका हाताची चाळीस वर्षं दुसऱ्या हातात कशी नेलीत हो?

आणि रागही येतो. शेवटच्या आजारात तुमचं अर्धं अंग गेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काही जाणवत होतं का. मी ठामपणे 'नाही' म्हणाले. ते 'नाही' तुम्ही माझ्या तोंडी का घातलंत, नाना?

मीही तुमचीच लेक. बोटांचं अजून घरात कुणाला बोललेले नाही. हे पत्र संपवून यांना सांगते. उद्या दवाखान्यात 'कधीपासून' विचारतील, तेव्हा खरं ते सांगेन. हा शब्द तुम्हाला देते.

तुमची,
संगीता