न घासलेला मग

रचना,

फोटोच्या मगांची ऑर्डर आज देऊ नकोस. दोनपैकी कोणतं कोटिंग टिकतं ते बघायला दोन्ही नमुने मी रोज काथ्याने घासायचे, असं ठरलं होतं. फुलांचा मग घासला. पंधरा दिवसांत विटला. दुसऱ्यावर तू आईचा फोटो छापलास, बाळकुमला शेतं होती तेव्हाचा, वाऱ्याने पदर उडालेला. तो मी नुसता नळाखाली धरत होतो. "बाबा, मग घासताय की पुस्तकावरची धूळ झटकताय?" असं तू हसून विचारलंस, तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

तेव्हा तो मग खरंच टिकाऊ आहे का, मला माहीत नाही. त्याचा नमुना एकच आहे. मी कळव्याला सहदेवकडे जातोय, संध्याकाळी येईन. मी घरात नाही तोवर तूच घासून बघ.

बाबा