पोटदुखी आणि एरंडेल: मृत्युपत्रातली एक दुरुस्ती

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा एरंडेल गाळणे व विकणे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. कान शाबूत असल्याचा दाखला कोणी दिलेला नाही, तो मीच देतो. घरात अशी समजूत आहे की म्हाताऱ्याला कमी ऐकू येते. ही समजूत मी बारा वर्षे जिवापाड जपली, कारण बहिऱ्यासमोर माणसे खरे बोलतात. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते रद्द समजावे.

कलम १. घर. खाली दुकान व घाणा, वर चार खोल्या. वरचा मजला मुलाला व सुनेला. मी गेल्यावर मधली भिंत पाडून मोठी खोली करायची, असे मुलगा जिन्यात उभा राहून बायकोला म्हणाला, ते मी ऐकले आहे. माझी हरकत नाही. मात्र छताचा सगळा भार त्याच भिंतीवर आहे. आधी गवंड्याला विचारावे, मग हातोडा उचलावा.

कलम २. बँकेतली ठेव नातीला. वय वर्षे नऊ, पायाला चाके असल्यासारखी पळते म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. ती अठराची होईपर्यंत ठेवीला कोणी हात लावू नये. "तात्पुरते घेतले" हा शब्दप्रयोग मला ठाऊक आहे.

कलम ३. लाकडी शिडी मेव्हण्याला. ती गेली नऊ वर्षे त्याच्याकडेच आहे. आता त्याने मला पाहून रस्ता ओलांडायची गरज नाही.

कलम ४. घाणा. सायकलच्या मागे तेलाचा डबा बांधून मी दारोदार फिरलो, त्यातून हा घाणा उभा राहिला. एरंडी दमट आहे की वाळलेली, हे मी घाण्याच्या आवाजावरून सांगतो. मुलाने अजून ते शिकावे. घाण्याचा अर्धा हिस्सा मुलाला आणि अर्धा माझ्या भावजयीला, म्हणजे माझ्या कैलासवासी धाकट्या भावाच्या पत्नीला. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. हा विचार मी घरात बोलून दाखवला होता, त्यावर मुलगा सुनेला म्हणाला आहे, "काकूला अर्धा कशाला? आपल्यात राहतेय, जेवतेय, पुरे नाही का?" पुरे का नाही, ते पुढच्या कलमात.

कलम ५. आमच्या बाटलीच्या लेबलावर शेवटची ओळ आहे: "पोटदुखीवर खात्रीचा इलाज." ही ओळ माझी. पोट धरले की चमचा, हा घरचा नियमही माझाच. अडतीस वर्षांपूर्वी माझा भाऊ असाच पोट धरून बसला. आधी बेंबीभोवती दुखत होते, उलटी झाली, मग दुखणे उजवीकडे खाली सरकले, मग पाय सरळ होईना. मी त्याला एरंडेल पाजले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सर्जनने मला बाजूला घेतले आणि विचारले, "जुलाबाचं काही दिलं होतं का?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "अपेंडिक्स सुजलेलं असताना जुलाब देत नाहीत हो. फुटलं ते. नुसतं घेऊन आला असतात तरी वाचला असता." मी आत आलो. धाकटीने विचारले, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "उशीर झाला म्हणाले."

त्या वेळी नवी लेबले नुकतीच छापून आली होती. मी ती वापरली. दर वेळी संपली की तशीच पुन्हा छापून घेतली. एरंडेल वाईट नाही. कोठा जड असेल तर ते आपले काम चोख करते. पण दुखणाऱ्या पोटात काय चालले आहे हे बाटलीला कळत नाही, आणि मला ते कळले होते. सबब, हे कलम माझ्या पश्चात सर्वांसमोर मोठ्याने वाचावे आणि

इथे लेखणी थांबली. पुढचा मजकूर बारा दिवसांनी लिहीत आहे. खाडाखोड केलेली नाही, कारण काय झाले ते वाचणाऱ्याला कळायला हवे.

त्या दिवशी बुधवार होता, दुपारचे चार वाजले होते. मी माझ्या खोलीत लिहीत होतो. भिंतीपलीकडे सून म्हणाली, "काकू, हिला परत उलटी झाली."

"कोठा साफ नाही, दुसरं काय," धाकटी म्हणाली. "चहा कढत ठेव. त्यातून दिलं की वास येत नाही."

"आजी, मधे दुखत होतं ना," भिंगरी म्हणाली, "ते आता इकडे आलंय. इकडे, उजवीकडे."

"पाय सरळ कर बाळा, बरं वाटेल."

"नाही होत."

मी नुकत्याच लिहिलेल्या ओळी कागदावर ओल्या होत्या आणि पलीकडून त्याच क्रमाने ऐकू येत होत्या. तरीही आधी मी स्वस्तातला मार्ग धरला, हे नोंदवतो. खुर्चीतूनच ओरडलो, "आज चमचा नको गं देऊ! डॉक्टरला दाखवू."

"अगंबाई, बहिऱ्याला बरं ऐकू आलं!" धाकटी हसली. "भाऊजी, एवढ्याशा पोटदुखीला डॉक्टर? लोक ऐकतील तर दुकानाला कुलूप लागेल."

बाटलीचे बूच निघाल्याचा आवाज मी झोपेतही ओळखतो. मी उठलो. गुडघे दुखतच नाहीत असा उठलो.

खोलीत भिंगरी कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडली होती. सून दारात कप घेऊन उभी. धाकटीच्या हातात भरलेला चमचा.

"देऊ नकोस."

"का पण? कारण तर सांगाल?"

कारण नुसते भीतीचे सांगितले असते तर तिने ऐकले नसते. अडतीस वर्षे ती माझ्याच शब्दावर हा चमचा भरत आली होती. आणि नात तोंड उघडून वाट पाहत होती, कारण तिला लवकर बरे व्हायचे होते.

मी म्हणालो, "त्यालाही असंच दुखत होतं."

"ठाऊक आहे मला. त्यांनाही दिलं होतं. उशीर झाला होता म्हणून..."

"उशीर झाला असं डॉक्टर म्हणालेच नाहीत. तेल दिलं म्हणून फुटलं, असं म्हणाले. मला म्हणाले. मी तुला वेगळं सांगितलं."

सुनेने कप खाली ठेवला. धाकटीचा चमचा हलला नाही. तिने तेल परत बाटलीत ओतले, थेंबही सांडू दिला नाही, चमचा पदराला पुसला आणि सुनेकडे वळून म्हणाली, "उभी काय राहिलीस? गाडी बघ!"

दोन तासांत भिंगरी ऑपरेशनच्या टेबलावर होती. सर्जन तरुण बाई. आत जाताना त्यांनी विचारले, "घरी काही पाजलं नाही ना?" धाकटी म्हणाली, "नाही." त्यानंतर आम्ही दोघे बाकावर दोन टोकांना बसलो. तासाभराने ती माझ्याकडे वळली.

"हे कुणाला सांगणार होतात कधी?"

"लिहिलंय. मृत्युपत्रात."

"म्हणजे तुम्ही मेल्यावर मला कळणार," ती म्हणाली. "मग मी भांडायचं कुणाशी? फोटोशी?"

तेवढ्यात सर्जन बाहेर आल्या. सुजले होते, फुटले नव्हते. धाकटी भिंतीकडे तोंड करून रडली. मी जवळ गेलो तर हात वर करून तिने मला थांबवले.

आता पुढची कलमे.

कलम ६. लेबलावरील शेवटची ओळ रद्द. त्या जागी: "पोट दुखत असल्यास घेऊ नये. डॉक्टरांना दाखवावे." मुलगा म्हणाला, "बाबा, मग घेणार कोण?" केसांना लावतील, भेगाळलेल्या टाचांना लावतील, कुरकुरणाऱ्या बिजागरीत घालतील. एरंडेल उपाशी मरणार नाही. ही ओळ जो बदलेल, मग तो माझा मुलगा का असेना, त्याचा घाण्यावरचा हक्क त्या दिवशी संपेल.

कलम ७. कलम ४ मधला अर्धा हिस्सा धाकटीने नाकारला. तिचे शब्द: "त्यांच्या जिवाची भरपाई म्हणून देत असाल तर घाणा तुमच्या चितेवर ठेवा." सबब दुरुस्ती करतो. ही भरपाई नव्हे. अडतीस वर्षे तिने तेल गाळले, बाटल्या भरल्या, बुचे ठोकली. अर्धा घाणा त्या कामाचा आहे आणि तो तिचाच होता. हे तिने दोनदा वाचले. कागद फाडला नाही.

कलम ८. हे कलम धाकटीने सांगितले, मी उतरवून घेतले: "पाचवं कलम वाचायला कुणाच्या मरणाची वाट बघायची नाही. भाऊजी जिवंत आहेत तोवर त्यांनी रोज दुकानात बसायचं आणि पोटदुखीसाठी बाटली मागणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगायची. पूर्ण."

वकील म्हणाले, मृत्युपत्रात जिवंतपणीच्या अटी चालत नाहीत. मी म्हणालो, चालवून बघतो.

आज सकाळी पहिले गिऱ्हाईक आले, बसचा कंडक्टर, नेहमीचा. म्हणाला, "काका, द्या एक बाटली, कालपासून पोटात कळ येतेय." मी त्याला स्टुलावर बसवले आणि सांगायला लागलो. धाकटी माझ्या मागे बाटल्यांवर बुचे ठोकत होती, ठक, ठक, एका लयीत. मी म्हणालो, "भावाला दोन चमचे दिले आणि दुसऱ्या दिवशी..." आणि मागची ठकठक थांबली.

मी वळून पाहिले नाही. काय गाळले ते मला ठाऊक होते. म्हणालो, "पहिला त्याने घेतला. दुसरा नको म्हणत होता. मी नाक दाबून पाजला."

तरीही ठकठक सुरू होईना. कंडक्टर माझ्या खांद्यावरून मागे पाहू लागला.

"हात मी धरले होते त्यांचे," धाकटी म्हणाली.

मग तिने पुढची बाटली ओढली.

वरील मजकूर मी पूर्ण वाचला, मला तो समजला, तो खरा आहे.

सही: घाणेवाला
ठिकाण: दुकानातला गल्ला
सोमवार, दिनांक चौदा, नातीचे टाके काढले तो दिवस

साक्षीदार, दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही:
१. समोरचा शिंपी. सही केली.
२. बसचा कंडक्टर. बाटली न घेता दवाखान्यात गेला होता. संध्याकाळी येऊन सही केली.