मधली तुकडी

शनिवार, संध्याकाळ

सुरमईची ती मधली तुकडी अजून डोक्यातून जात नाहीये.

"तू बोरिवलीचा ना? चांगले मासे कुठे मिळतात?" नव्या साहेबांनी विचारलं आणि माझ्या तोंडून सुलूमावशीच्या खाणावळीचं नाव निघून गेलं. आई गेल्यापासून आठ वर्षं दर शनिवारी मी तिथेच जेवतो. टकली, म्हणजे माशाचं डोकं, मावशी कुणाला विकत नाही. मधल्या तुकड्या गिऱ्हाइकांना, टकली घरच्या माणसाला. शनिवारची माझी.

दुपारी ऑफिसातले आम्ही चौघं आत शिरलो तर पदराला हात पुसत तीच पुढे आली. "इलंस रे? टकली ठेवलंय तुझ्यासाठी."

साहेब हसले. "तुला ओळखतात वाटतं?"

"नाही सर, दुसराच कुणी समजली असेल." वर मावशीला हिंदीत म्हणालो, "आंटी, मेन्यू दिखाओ ना." तिथे मेन्यू नाही, भिंतीवर फळा आहे. माझ्याइतकं कुणाला माहीत? कशाची लाज वाटली मला? तिच्या मालवणीची? आई वेगळं काय बोलायची?

मावशीने फक्त फळ्याकडे बोट दाखवलं. मग चार ताटं आली, चारही सारखी. माझ्यातही मधली तुकडी, चांगली जाड. साहेब बोटं चाटत होते.

हात धुवायला मागे गेलो. ओट्यावर एक वाटी झाकून ठेवली होती. झाकण उचलून बघायची गरज नव्हती.