छपाई बंद आहे

ताई,

नऊ वर्षं तुला तोंड दाखवलं नाही. मला एचआयव्ही आहे हे तुला कसं समजावू, तेच सुचेना. शेवटी माझ्या छापखान्याच्या भाषेत जुळवलं: हा विषाणू शरीराच्या राखणदार पेशीत घुसतो, तिच्याच मशीनवर स्वतःच्या प्रती छापून घेतो आणि तिला भंगारात काढतो. गोळ्यांनी माझ्यातली छपाई बंद पडलीय. मूळ प्रत मात्र आत दडलेली, म्हणून रोजची गोळी चुकवत नाही.

काल तुझी लेक मला शोधत आली आणि माझा उष्टा चहा सरळ प्यायली. मी सवयीने ओरडलो, तर हसायला लागली. "मामा, चहातून नाही होत ते. आईने कधीच सांगितलंय मला."

म्हणजे तुला आधीच ठाऊक होतं. मग हे पत्र पोस्टात कशाला टाकू? रविवारी ते घेऊन मीच येतो. चहा एकाच कपात ओत.

तुझा दीडशहाणा