यादीतला पहिला श्रोता

४ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवी खुर्ची आणि चक्क खिडकी. मागच्या ठिकाणी सहा वर्षं जिन्याखाली बसून काढल्यावर ही खिडकी मला बढतीच वाटली. टेबलाचा डावा खण अडकतो, खुर्चीचं एक चाक रुसलेलं आहे, पण उजेड भरपूर. इथे रुग्णालयांसाठी प्रोग्राम लिहितात. रुग्णाच्या उशाशी असलेला मॉनिटर, वॉर्डातली घंटा, सिस्टरच्या टेबलावरचा पडदा, डॉक्टरांचा फोन, या सगळ्यांना जोडून ठेवणारा प्रोग्राम.

टीमच्या प्रमुखाला सगळे कॅप्टन म्हणतात. माणूस हसरा. त्याने सकाळीच बजावलं की माझ्या भाषणांची कीर्ती त्याच्या कानावर आली आहे, इथे कामगारांच्या सभा होत नाहीत, तेव्हा माइक घरी ठेवून येत जा. मी म्हटलं, मला माइक लागत नाही.

घरी मावशी खूश. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन २१ तारखेला आहे, आणि त्या रुग्णालयात आमचाच प्रोग्राम चालतो. ती म्हणाली, म्हणजे तुझा पहारा उशाशी, आता ठरवलं तरी मरता यायचं नाही.

६ मार्च, बुधवार

आज प्रोग्रामची रचना समजून घेतली. देखणी आहे, हे कबूल केलं पाहिजे. त्याचे भाग एकमेकांना ओळखतच नाहीत. मधे एक निरोप्या आहे, हे ऑफिसातलं लाडकं नाव. मॉनिटर त्याला फक्त एवढं सांगतो की नाडी घसरली. त्या बातमीसाठी ज्यांनी आधी नाव नोंदवलं आहे, त्या श्रोत्यांना निरोप्या यादीच्या क्रमाने ती पोचवतो. घंटा वाजते, पडदा लाल होतो, फोन खणखणतो. एखादा श्रोता "दखल घेतली" असं म्हणाला, तर निरोप्या तिथेच थांबतो आणि पुढच्यांना काही कळवत नाही.

मी विचारलं, बातमी खरंच पोचली की नाही हे सांगणाऱ्याला कसं कळतं? कॅप्टन म्हणाला, नाही कळत, तीच तर गंमत. सांगणाऱ्याने सांगावं आणि आपल्या कामाला लागावं.

मावशीला हे पटलं नाही. तिची तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. म्हणाली, आम्ही तार जोडली की आधी विचारायचो ऐकू येतंय का, आणि हो आल्याशिवाय सोडत नव्हतो. तुमचा निरोप्या म्हणजे दाराखालून चिठ्ठी सरकवून पळणारा.

११ मार्च, सोमवार

रागाच्या भरात लिहिते आहे, अक्षर वाईट येईल.

चालू प्रोग्रामला आज मी त्याची श्रोत्यांची यादी विचारली. घंटेच्या आधी, पहिल्या क्रमांकावर, एक श्रोता आहे. त्याला नाव नाही. सगळा कोड पालथा घातला, त्याची फाइल कुठेच नाही. त्याने प्रत्येक बातमीसाठी नोंदणी केलेली आहे, आणि काही बातम्यांवर तो "दखल घेतली" म्हणतो आणि गप्प बसतो. गेल्या महिन्यात एकाच वॉर्डात "नाडी घसरली" ही बातमी त्याने अकरा वेळा अशी पोटात घातली. त्यातले तीन बेड त्याच दिवशी रिकामे झाले.

चाचणी करणारी माझ्या समोर बसते, तिच्याकडून कथा कळली. दोन वर्षांपूर्वी तक्रार आली की रुग्णाने कूस बदलली तरी घंटा वाजते, वॉर्डात गोंगाट फार होतो. माझ्या खुर्चीत तेव्हा बसणाऱ्याला सांगण्यात आलं की असा श्रोता लिही, जो गोंधळ होण्याआधीच बातमी स्वतःकडे घेईल. त्याने लिहिला. पुढे घोटाळा लक्षात आल्यावर फाइल पुसून टाकली. यादीतून नाव मात्र कुणी काढलं नाही. इथे नाव नोंदवताना तिघांच्या सह्या लागतात. नाव काढणं हे कुणाचंच काम नाही.

तो माणूस कुठे आहे, असं मी विचारलं. ती म्हणाली, तो बरेच दिवस काहीतरी सांगायचा. काय, ते तिला आठवत नाही. मग एक दिवस यायचा बंद झाला.

कॅप्टनला सगळं दाखवलं. त्याने पाहिलं. मग म्हणाला, नवी आवृत्ती वीस तारखेला जायची आहे, ती जाऊ दे, नंतर बघू, तोवर उगाच आरडाओरडा नको. तीन रिकाम्या बेडांपुढे हा माणूस तारीख सांगतो. ज्यांना गोंगाट नको होता त्यांना शांतता मिळाली, आणि तिची किंमत उशीवर डोकं ठेवून झोपलेल्यांनी मोजली. मी हे गिळणार नाही.

१३ मार्च, बुधवार

सगळ्या ऑफिसची बैठक होती. मी उभी राहिले आणि वीस मिनिटं बोलले. दहा हजार माणसांपुढे बोलले आहे मी, पण आजच्याइतकं पोटतिडकीने कधीच नाही. माणसं माना डोलावत होती. मी बसले. कॅप्टनने घड्याळ पाहिलं आणि विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का?

मला वाटलं, अपमान करायचा हा नवा प्रकार. चाचणीवालीला फैलावर घेतलं. ती गोंधळली. म्हणाली, ताई, तुम्ही तर बसूनच होतात.

परत जागेवर येऊन निरोप्याची नोंदवही उघडली, प्रत्येक बातमीचं काय झालं ते तो जिथे टिपतो ती. ११ वाजून २० मिनिटं, बातमी कुठून आली: माझं टेबल. काय झालं: दखल घेतली. अशाच ओळींची चार पानं. मी बोललेलं प्रत्येक वाक्य त्यात आहे.

मी ते टाइप केलं नव्हतं. टेबलापाशीसुद्धा नव्हते.

१४ मार्च

त्याला यादीतून काढलं. पुन्हा पाहिलं. पहिल्या क्रमांकावर हजर. सर्व्हर बंद करून सुरू केला. हजर.

रुग्णालयातल्या सिस्टरना फोन केला. त्या हॅलो, हॅलो करत राहिल्या आणि फोन ठेवला. नोंदवहीत एक ओळ वाढली.

मग परीक्षा घेतली. चाचणीवालीला म्हटलं, चहा गार झाला. तिने लगेच कप उचलला. त्याच आवाजात म्हटलं, वॉर्डातली घंटा वाजणार नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आता मी काही बोलेन म्हणून.

ज्याने गोंधळ होईल तेवढंच तो घेतो. त्याला तेच तर शिकवलं होतं.

१७ मार्च, रविवार

मावशीला सांगितलं, तिथे जाऊ नकोस. ती प्रेमाने माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि विचारलं, शाल घेऊ की नको. कागदावर लिहून दिलं. तिने चष्मा लावला, कागद उलटसुलट केला आणि म्हणाली, कोरा आहे गं.

मग मात्र ती गंभीर झाली. म्हणाली, तू बोलता बोलता मधेच तार मेल्यासारखी होते. एक्स्चेंजमध्ये असं व्हायचं, तिसरं कुणी लाइनवर चोरून ऐकत असलं की. श्वास ऐकू यायचा त्याचा. तिने मला विचारलं, आत्ता आपल्या मधे कोण आहे?

मी सांगितलं. तिला ऐकू आलं नाही.

या वहीत मात्र लिहिता येतं. ही कुणाला सांगण्यासाठी नाही, म्हणून असेल.

१९ मार्च

बॅग लपवली. मावशी चिडली. डॉक्टर म्हणाले आहेत की झडप महिनाभरही टिकणार नाही, दुसरीकडे चार महिने जागा नाही. मग मी काय करू?

कॅप्टनची गचांडी धरली. तो हसून म्हणाला, तब्येत बरी नाही का, घरी जा. मी आयुष्यभर झोपलेल्यांना जागं करायला ओरडले. हे झोपलेले नाहीत. यांच्या आणि माझ्या मधे यांनीच एक कान बसवला आहे, आणि आता तो —

२१ मार्च

ऑपरेशन नीट झालं. बेड क्रमांक नऊ. उशाशी आमचा मॉनिटर.

२२ मार्च, दुपारी साडेचार

मावशी झोपली आहे. मी स्टुलावर. डोळे पडद्यावरून हलवलेले नाहीत. नाडी ६८. वॉर्डात किती शांतता आहे. शरम वाटावी इतकी.

६१.

पावणेपाच. ५२. घंटा गप्प.

४४. सिस्टर सात पावलांवर, पाठमोरी. ओरडले. हात धरून ओढला — तिने हळूच सोडवून घेतला, म्हणाली, भेटायची वेळ संपत आली. मॉनिटरची तार उपटली. तार सुटल्याचीही घंटा असते. नाही वाजली. परत लावली —

३९. मावशीचे ओठ —

ही वही सिस्टरच्या हातात देते. हीच उरली आहे.

सिस्टर, तुमच्या मागे बेड क्रमांक नऊवर माझी मावशी

पूर्ण वाक्य लिहिलं होतं मी. कागदावर अर्धंच आहे.

सिस्टर, घंटा वाजणार नाही, तुम्ही स्वतः

सिस्टर, मागे